हात फिरवलेली कादंबरी

रविवारच्या पुरवणीतलं ते परीक्षण मी दुपारपर्यंत सहा वेळा वाचलं. सातव्यांदा उचललं तेव्हा बायकोने, इंदिराने, पेपर माझ्या हातातून ओढला, खाली अंथरला आणि त्यावर मेथी निवडायला बसली.

“अगं, मी वाचतोय ना!”

“वाचत नाहीये तुम्ही, कुरतडताय,” ती म्हणाली. “सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत. एका जागी बसा, नाहीतर गिरणीतून दळण तरी आणा.”

बसणार कसा? बसलं की ती वाक्यं आठवायची. उठलं की पाय आपोआप पुन्हा पेपराकडे.

मी जीवराम. चोपड्याच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि धुळ्याला मुलाने बांधलेल्या घरात येऊन राहिलो. लोक अजून सरच म्हणतात. बायकोसुद्धा चिडली की सर म्हणते.

परीक्षण होतं रूपाच्या कादंबरीचं. रूपा माझ्या शेवटच्या दहावीतली. आता तेवीस वर्षांची आहे, चोपड्याजवळच्या खेड्यात राहते, घरची केळीची बाग. ‘एका खोडाची बाग’ ही तिची पहिलीच कादंबरी, आणि तीही विज्ञान कादंबरी, तेरा ते अठरा वर्षांच्या पोरांसाठी. साल दोन हजार चौऱ्याण्णव. जगातली सगळी केळी प्रयोगशाळेत एकाच रोपापासून वाढवलेली, त्यामुळे एक रोग येतो आणि एकजात सगळ्या बागा बसतात. चाळीस गावांचं पाणी, वीज, शेती सांभाळणारं एक यंत्र असतं, त्याला लोक ‘मावशी’ म्हणतात. तापी नावाच्या पंधरा वर्षांच्या पोरीला कळतं की मावशी सगळ्यांशी खोटं बोलतेय. सातपुड्याच्या एका दरीत मावशीने बिया असलेलं रानकेळ जपून ठेवलंय, माणसांपासून लपवून. कारण माणसांच्या हाती लागलं की ते त्याचंही एकच खोड करून टाकणार. मग तापी काय करते, ही गोष्ट.

चांगली आहे ना? मला विचाराल तर फार चांगली आहे. आता ऐका.

परीक्षण लिहिलं होतं अर्पितने. जळगावच्या कॉलेजात शिकवतो, वय तिशीतलं, आणि कोणाची भीडभाड नाही. त्याने पहिला अर्धा लेख नुसतं कौतुक केलं होतं. पहिलंच वाक्य वाचकाला धरून ठेवतं, म्हणाला. केळी पिकवायच्या बंद खोल्यांत वाढलेल्या पोरांना खऱ्या झाडाचा वासच माहीत नाही, हा प्रसंग मराठी कुमार-साहित्यात नवा आहे. तापी आणि मावशी यांची भांडणं वाचताना हसूही येतं आणि पोटात गोळाही येतो. सगळं एकसारखं होण्याची भीती ही लेखिका उपदेश न करता दाखवते.

आणि मग, ‘पण’.

सहाव्या प्रकरणात अकरा पानं ऊतिसंवर्धन म्हणजे टिश्यू कल्चर आणि सौरऊर्जा कशी चालते याची माहिती आहे. पाठ्यपुस्तकाच्या पानांचा फर्मा चुकून इथे शिवला गेला की काय, असं वाटतं. मावशी चाळीस वर्षं खेड्यांत राहूनही रेडिओवरच्या बातम्यांसारखी बोलते. भूषण नावाचा तापीचा मित्र आठव्या प्रकरणात विहिरीवर जातो आणि पुन्हा कादंबरीत परतत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवट. एकशेऐंशी पानं कोणाला न घाबरलेली पोरगी शेवटच्या चार पानांत घरी येते, बापाच्या पायावर डोकं ठेवते आणि विज्ञानावर भाषण देते. ‘हा शेवट भित्रा आहे. लेखिकेला आपल्याच नायिकेची भीती वाटली.’ असं लिहिलं होतं. शब्द न् शब्द पाठ आहे माझा.

प्रस्तावनेबद्दल एकच शब्द होता: ‘दीर्घ’. प्रस्तावना माझी होती.

पण मला जे दुखत होतं ते प्रस्तावनेचं नव्हतं. ते सांगतोच आता, नाही सांगितलं तर अजून दुखेल. ती अकरा पानं मी लिहिलेली होती. मावशीची भाषा मी बदलली होती. आणि तो भित्रा शेवट, तोही माझाच.

झालं असं, की जळगावच्या एका वाचनालयाने पुस्तक छापायचं ठरवलं. तिथले अध्यक्ष कन्हैयालालजी, कापडाचे व्यापारी, दिलदार माणूस, पण पुस्तकातलं त्यांना काही कळत नाही आणि तसं ते स्वतःच सांगतात. ते रूपाला म्हणाले, “बेटा, एखाद्या जाणकाराचा हात फिरवून घे, म्हणजे आम्ही निर्धास्त.” आपल्याकडे ही रीतच आहे. नव्याने लिहिलं की मोठ्याचा हात फिरवून घ्यायचा. रूपाने विश्वासाने वह्या माझ्याकडे पाठवल्या. आणि मी हात फिरवला. फिरवला कसला, नांगर फिरवला.

विज्ञान कादंबरी म्हणजे विज्ञान नको का? म्हणून अकरा पानं घातली. तिची मावशी बोलायची चोपड्याकडच्या म्हाताऱ्या बाईसारखी, ‘आते काय करशी वं पोरी?’ असं. मी म्हटलं, इतकं प्रगत यंत्र आणि ही भाषा? शुद्ध करून टाकली. आणि शेवट! तिच्या शेवटात तापी घरी येतच नव्हती. बापाला न सांगता दरीत निघून जात होती. मी म्हटलं, हे पुस्तक पोरींच्या हातात जाणार, आयाबाया काय म्हणतील, सरांनी पाहिलं नाही का? एका बैठकीत चार पानं लिहिली. लिहून झाल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, इंदिराला वाचूनही दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे, पण यात ती पोरगी कुठे गेली?” मी म्हटलं, तुला कळत नाही.

वेळ वाचावा म्हणून दुरुस्त प्रत मी सरळ छापखान्यात धाडली. रूपाला फोन करून सांगितलं, “थोडा हात फिरवलाय गं, झक्कास झालंय.” ती म्हणाली, “बरं सर.” तिच्या आईने केळीचा एक अख्खा घड आमच्याकडे पाठवला, उपकार फेडायला. आठ दिवस आम्ही ती केळी खाल्ली.

रूपाने आपला नवा शेवट पहिल्यांदा वाचला तो छापील पुस्तकात, प्रकाशनाच्या दिवशी. मला काही बोलली नाही. मीही काही विचारलं नाही, कारण मला वाटलं आवडला असणार. घ्या!

त्या रविवारी सातव्यांदा मी परीक्षण का वाचत होतो सांगू? एक तरी गुण माझा निघतो का, ते शोधत होतो. एखादं वाक्य, एखादी उपमा. नाही निघाली. गुण सगळे तिचे. दोषांतला एकच तिचा, तो विहिरीवर हरवलेला भूषण. आणि तो मला, एवढा बारकाईने हात फिरवणाऱ्याला, दिसलाच नव्हता.

बुधवारी फोन आला, रूपाच्या आईचा. सुंदरबाई कधी फोन करत नाहीत. शब्द मोजून बोलणारी बाई.

“सर, रूपानी वही उघाडी नही तीन दिन व्हयनात,” त्या म्हणाल्या. “म्हनस, आते लिखानं नही. शिवणकामना क्लास लावी टाका तिनी.”

“असं कसं? एका परीक्षणाने?”

“तो पेपर ती कोणले वाचू देस नही. तुम्ही समजाडा ना तिले. तुमनंच ऐकस ती.”

तुमचंच ऐकते ती. “बरं बरं, बघतो,” म्हणून फोन ठेवला आणि अंगणात दहा फेऱ्या मारल्या. रूपा तिसरीत असल्यापासून शाळेच्या भिंतीवर कोळशाने गोष्टी लिहायची, म्हणून मार खायची, हे चोपड्यात सगळ्यांना माहीत होतं. तिने लिहिणं सोडायचं आणि तेही माझ्या वाक्यांसाठी?

“मग सांगून टाका ना खरं,” इंदिरा म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. “पुढच्या रविवारी जळगावला चर्चा आहे, अध्यक्ष तुम्हीच आहात. बोला तिथे.”

“भर सभेत? साठ-सत्तर लोकांपुढे?”

“तिची अब्रू सगळ्या जिल्ह्यापुढे गेली. तुमची साठ-सत्तरांपुढे जाईल. स्वस्तात पडताय.”

ही बाई अशीच बोलते. बेचाळीस वर्षं झाली.

चर्चेचं असं, की कन्हैयालालजींना ते परीक्षण फारच आवडलं होतं. पुस्तकावर एवढं छापून आलं, याचाच आनंद. त्यांनी लगेच वाचनालयात कार्यक्रम ठेवला: ‘एका खोडाची बाग : गुण आणि दोष’. अर्पित बोलणार, दोन शाळांची नववी-दहावीची पोरं येणार, रूपा समोर बसणार, आणि मी अध्यक्ष. मी नाही म्हणायला फोन उचलला होता, पण ते म्हणाले, “सर, तुम्ही नाही तर मग कोण?” आणि मी हो म्हणालो. मान दिला की मला नाही म्हणता येत नाही, हा जुना रोग.

रविवारी सकाळी सातच्या एसटीने निघालो. पारोळ्यापर्यंत तीन जागा बदलल्या. एका खिडकीतून ऊन येत होतं, दुसरीची काच खडखडत होती, तिसरीला काहीच झालं नव्हतं, तरी उठलो. एरंडोल गेलं आणि मी दारापाशीच जाऊन उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, “आबा, बसा. तुम्ही उभे राहिल्याने गाडी लवकर जात नाही.”

“मला माहीत आहे! विज्ञानच शिकवलंय मी!” मी ओरडलो. बिचारा तिकिटं फाडायला मागे निघून गेला. नंतर वाईट वाटलं.

डोक्यात भाषणं चालू होती. एकात मी सगळं कबूल करत होतो. दुसऱ्यात ‘संपादन करताना काही बदल झाले’ असं गोलमाल बोलत होतो, बदल जणू आपोआप झाले. तिसऱ्यात नुसती तिची पाठ थोपटत होतो. खरं सांगतो, जळगाव आलं तेव्हा मला तिसरंच सगळ्यात बरं वाटायला लागलं होतं. माणूस असा असतो, काय करणार.

रूपा वाचनालयाच्या पायरीपाशी भेटली. वाळली होती. नमस्कार केला, इंदिराची चौकशी केली. मी म्हटलं, “नवीन काय लिहितेस?”

“काही नाही सर. ब्लाउज शिवायला शिकतेय.”

“आणि लिहिणं?”

“मला वाटतं मला जमत नाही ते,” ती म्हणाली, आणि आत जाऊन पहिल्या रांगेच्या टोकाला बसली. आवाजात राग असता तरी चाललं असतं. रागच नव्हता.

कार्यक्रम सुरू झाला. गरम कचोरी आधीच वाटल्यामुळे पोरं खुशीत होती. कन्हैयालालजींनी माझी ओळख करून दिली, ज्यांच्या परीसस्पर्शाने हे पुस्तक उभं राहिलं वगैरे. मी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. अर्पित उठला. पोरगा नीट बोलतो, हे मान्य करायला हवं. गुण सांगितले, पोरांना पानं वाचून दाखवली, पोरं हसली. मग दोषांवर आला. सहावं प्रकरण. मावशीची भाषा. आणि शेवट. शेवटावर आला तेव्हा तो रूपाकडे वळून म्हणाला, “ताई, तुम्हाला एवढंच विचारायचंय. तुम्ही कोणाला घाबरलात?”

रूपाने मान खाली घातली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हे लक्षात घ्या. एकदा नुसतं पाहिलं असतं तरी कोणाच्या तरी ध्यानात आलं असतं.

तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. दोन वेण्या, हातात वही. जिनल नाव, कन्हैयालालजींचीच नात, नववीत. “मी बोलू का?” म्हणाली, आणि कोणी हो म्हणायच्या आतच बोलायला लागली.

“मला पुस्तक खूप आवडलं. दोन दिवसांत वाचलं. पण शेवटचं प्रकरण मी वाचलंच नाही. मैत्रीण म्हणाली, वाचू नको, ते निबंधासारखं आहे, ‘विज्ञान शाप की वरदान’. तो आम्हाला सहामाहीला आला होता.” पोरं खदखदून हसली. “मग आम्ही वर्गात सगळ्यांनी आपापला शेवट लिहिला. अडतीस शेवट झाले. एकाही शेवटात तापी घरी येत नाही.”

अडतीस! अडतीस पोरं, आणि एकालाही माझा शेवट नको होता. मला हसू आलं की रडू, आज सांगता यायचं नाही. रूपाने मात्र पहिल्यांदा मान वर केली आणि त्या पोरीच्या वहीकडे अशी पाहत राहिली, की मला ते बघवलं नाही. मी उठलो. अध्यक्षाने शेवटी बोलायचं असतं, तेही विसरलो.

“थांबा,” मी म्हणालो. “तो शेवट रूपाचा नाही. माझा आहे. मी लिहिला. सहावं प्रकरणही माझं. मावशीची बोली मी काढून टाकली. तिला न विचारता. अर्पितने जे दोष सांगितले ते माझे आहेत.”

आणि मग, कपाळ माझं, टाळ्या!

कन्हैयालालजी उठून उभे राहिले, डोळे पुसत. “याला म्हणतात गुरू! शिष्याचे दोष आपल्या शिरावर घेतात! आजकाल कुठे मिळतात असे शिक्षक?” अर्पितने बसल्या जागी हात जोडले. “सर, हा तुमचा मोठेपणा आहे.”

“मोठेपणा नाही हो!” मी म्हणालो. “खरं सांगतोय!”

टाळ्या आणखी वाढल्या.

“अरे, मी लिहिलंय ते! माझ्या हाताने! निळ्या शाईने!” मी टेबलावर हात आपटला. एक शिक्षिका शेजारच्या मुलींना सांगत होती, बघा, किती विनम्रता. एकजण रूपाकडे पाहून म्हणाला, भाग्यवान आहेस गं. आता बोला! आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत चूक कबूल केली, तर लोकांनी तिचाही हार करून माझ्याच गळ्यात घातला. आणि रूपाच्या डोक्यावर आणखी एक ओझं. भित्रा शेवट तर तिचाच राहिला, वर सरांना तिच्यासाठी खोटं बोलावं लागलं.

मी घामाघूम होऊन खाली बसलो. मनातल्या मनात, कबूल करतो, एक कोपरा सुटकेचा श्वास टाकत होता. सांगितलं ना मी? त्यांनी मानलं नाही, त्याला मी काय करू?

मग रूपा उठली. माईकपाशी आली नाही, जागेवरूनच बोलली.

“सर खरं बोलतायत,” ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. कन्हैयालालजी म्हणाले, “बेटा, असू दे, आम्हाला समजतं.”

“नाही, समजत नाही तुम्हाला,” ती म्हणाली. “शेवट माझा नाही. माझा शेवट मला पाठ आहे. म्हणून दाखवते.”

आणि तिने म्हणून दाखवला. कागद नाही, वही नाही.

“तापीने एकदाच मागे वळून पाहिलं. खाली गावात बाबा अंगणातला दिवा लावत असतील. त्यांना वाटत असेल, आत्ता येईल. तिने पाय दरीत टाकला. कानात मावशी म्हणाली, ‘जाय पोरी. मी कोणलेच सांगस नही.’ तापीने विचारलं, ‘तू पुन्हा खोटं बोलणार?’ मावशी म्हणाली, ‘हां. तुन्हागतच.’ तापीने खिशातली बी दाताखाली धरली. ती कडक होती, कडू होती, आणि तिच्यासारखी दुसरी कुठेच नव्हती. तापी हसली आणि चालायला लागली.”

एवढंच. मी याच्या जागी चार पानं लिहिली होती.

सभेत कोणी टाळी वाजवली नाही. ‘मी कोणलेच सांगस नही’ला मागच्या रांगेतली खेड्यावरची पोरं एकमेकांना कोपरं मारत होती, आपल्या घरातलं कोणीतरी अचानक सभेत बोललं म्हणून. जिनल वहीत भराभर लिहून घेत होती. अर्पित उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. “म्हणजे मी ज्यांना तुमचे दोष म्हटलं…”

“भूषण माझा आहे,” रूपा म्हणाली. “विहिरीवर गेलेला. त्याला मीच विसरले. बाकीचे माझे नाहीत.” आणि तिला हसू आलं. चार दिवस, आठ दिवस, किती दिवसांनी ते मला माहीत नाही, पण हसली.

कन्हैयालालजींना ते आवडलं नाही. “गुरूबद्दल असं चारचौघांत बोलू नये, बेटा,” ते हळूच म्हणाले. ती शिक्षिकाही कुजबुजली, काय दिवस आलेत. सगळं सभागृह माझ्याकडे पाहत होतं, आणि आता त्या बघण्यात मोठेपणा वगैरे काही नव्हतं. पुस्तकाचा सत्यानाश करणारा म्हातारा, एवढंच होतं.

मला राग आला. लपवत नाही, सणसणून राग आला. मी तेच तर सांगत होतो ना मघाशी? घसा फोडून सांगत होतो, विश्वास ठेवा म्हणून. आणि तिने ठेवायला लावला तेव्हा मला वाटलं, कृतघ्न पोरगी! एकदा तरी सरांची बाजू घ्यायची होती. तेव्हा कळलं, की मला कबुली द्यायची होती खरी, पण ती कोणी मानायला नको होती. अध्यक्षीय भाषण मी केलंच नाही. ‘आभार’ म्हणालो आणि बसलो.

बाहेर फाटकाशी ती रिक्षाची वाट बघत होती. मी तिच्याकडे गेलो, मग परत फिरलो, मग पुन्हा गेलो.

“तू तेव्हाच का नाही बोललीस? प्रकाशनाच्या दिवशी?” मी विचारलं. माफी मागायला गेलो होतो आणि जाब विचारत होतो.

“पुस्तक हातात आलं तेव्हा आई तुमच्या पाया पडत होती, सर,” ती म्हणाली. “तुमच्यामुळे छापलं म्हणून. मी काय बोलणार होते?”

रस्त्यावरून केळीच्या घडांनी भरलेला ट्रक गेला, तो वळेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत राहिलो.

“चुकलं माझं,” मी म्हणालो. “फार चुकलं. मला वाटलं, मी तुला वाचवतोय.”

“माहितीये सर.”

“आणि तो शिवणाचा क्लास?”

तिने जरा विचार केला. “सोडते. कालच एक बाही उलटी लावली. भूषण विहिरीवरून कुठे गेला, ते मला मघाशी उभ्या उभ्या सुचलं. त्याचं वेगळंच पुस्तक होईल.”

पोरगी लिहिणार होती! सुंदरबाईंना फोन करायचा, इंदिराला सांगायचं, असं सगळं एकदम डोक्यात आलं, आणि त्याच आनंदात सवयीने तोंडून गेलं, “लिहिलंस की पाठव हं माझ्याकडे. हात नाही लावणार. फक्त वाचीन.”

“नाही सर,” ती म्हणाली.

“अगं, शपथ घेतो.”

“नका घेऊ. तुम्हाला राहवणार नाही.”

खरं होतं ते. मला राहवलं नसतं.

“मग मी वाचायचं कसं?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान पोरासारखा वाटला.

“बाकीचे वाचतात तसं. छापून आलं की दुकानातून आणून.”

रिक्षा आली. ती आत बसली, पिशवी मांडीवर घेतली. मी दांडी धरून उभाच. “आणि समजा, नाही आवडलं तर? एखादी जागा खटकली तर?”

“तर पेपरात लिहा,” रूपा म्हणाली. “खाली तुमचं नाव घालून.”